आकडा वाचला, रेघा राहिल्या : एका लोकरी कार्डिगनचे प्रकरण

तक्रार एका ओळीची आहे. लेबलवर ३० लिहिले होते, मशीन ३० वरच लावले, तरी कार्डिगन आटले. म्हणजे लेबल खोटे. मशीनमधून आटून निघालेल्या लोकरी कपड्यांमागे बहुतेक वेळा हेच वाक्य असते. म्हणून हे प्रकरण नमुन्यादाखल पूर्ण उलगडून मांडले आहे. मापे या एका कपड्याची आहेत, कारणे मात्र लोकरीच्या कोणत्याही विणलेल्या कपड्याला लागू पडतात.

कपडा असा : समोरून उघडणारे कार्डिगन, आठ बटणे, कोरडे वजन ३८० ग्रॅम. घटकांच्या पट्टीवर ८० टक्के लोकर, २० टक्के पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन). बटणपट्टी आणि काजपट्टी ताणून लोंबू नये म्हणून दोन्हींच्या आतून गळ्यापासून खालच्या काठापर्यंत पॉलिएस्टरची सॅटिन फीत शिवलेली आहे. घरात याच बनावटीचे, याच मापाचे, फक्त रंगाने वेगळे असे दुसरे कार्डिगन आहे आणि ते तीन वेळा हाताने धुतलेले आहे. त्यामुळे तुलनेला पक्का आधार मिळाला. एरवी आटलेल्या कपड्याचे मूळ माप कोणाकडेच नसते.

लेबलवर नेमके काय होते

डाव्या बाजूच्या शिवणीत पांढऱ्या सॅटिनची पट्टी होती आणि तिच्यावर एका रांगेत ही चिन्हे : पाण्याचा टब, आत ३०, खाली दोन आडव्या रेघा. फुली मारलेला त्रिकोण. चौकोनात वर्तुळ आणि त्यावर फुली. शेजारी दुसरा चौकोन, त्यात आडवी रेघ आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक तिरपी रेघ. इस्त्री, तिच्यात एक ठिपका. शेवटी वर्तुळ, आत इंग्रजी ‘पी’ हे अक्षर, खाली एक रेघ.

हा क्रम ठरलेला आहे. धुणे, ब्लीच, वाळवणे, इस्त्री, आणि शेवटी धंदेवाईक सफाई. आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकात तो दिला आहे. ही चिन्हे जिनेटेक्स या संघटनेची. तिची स्थापना १९६३ मध्ये पॅरिसला झाली. जपानने स्वतःची जुनी चिन्हे सोडून डिसेंबर २०१६ पासून आयएसओशी जुळणारी चिन्हे घेतली. अमेरिकेत चिन्हे त्याच कुळातली, पण तिथल्या टबात आकड्याऐवजी ठिपके असू शकतात : एक ठिपका म्हणजे ३० अंश, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५०. एकाच कपाटात दोन्ही तऱ्हेची लेबले सापडतात, म्हणून टबातला ठिपका आणि इस्त्रीतला ठिपका एकाच मापाचा समजू नये. टबातले दोन ठिपके ४० अंश, इस्त्रीतले दोन ठिपके १५० अंश.

आता वाचन. टबातला आकडा ही पाण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. ३० म्हणजे ३० किंवा त्याहून थंड. टबाखालच्या रेघांचा तापमानाशी संबंध नाही; कपड्याला किती हलवायचे, आपटायचे, घुसळायचे, ते रेघा सांगतात. रेघ नसेल तर नेहमीचे धुणे. एक रेघ म्हणजे हलके धुणे. दोन रेघा म्हणजे अतिशय हलके : कपडा जवळजवळ पाण्यात पडून राहील इतकेच. जुन्या लेबलांवर दोन रेघांच्या जागी एकच तुटक रेघ दिसते, अर्थ तोच. टबात हात असेल तर कपडा फक्त हाताने, ४० अंशांपर्यंत, न घासता, न पिळता धुवायचा.

फुली मारलेला त्रिकोण म्हणजे कोणतेही ब्लीच नको, अगदी ऑक्सिजनवालेसुद्धा. त्रिकोणात दोन तिरप्या रेघा असत्या तर ऑक्सिजनवाले चालले असते, क्लोरिनवाले नाही. चौकोन वाळवण्याचा : त्यातले वर्तुळ म्हणजे ड्रायर मशीन, आणि इथे त्यावर फुली. आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवणे, तिरपी रेघ म्हणजे सावलीत. इस्त्रीतला एक ठिपका म्हणजे तळ जास्तीत जास्त ११० अंश (मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार), तेही वाफेशिवाय. शेवटचे वर्तुळ ड्रायक्लीनवाल्यासाठी आहे. ‘पी’ म्हणजे परक्लोरोएथिलीन हे द्रावक चालेल, खालची रेघ म्हणजे तिथेही हलक्या हाताने. या वर्तुळाने बरेच जण बिचकतात आणि कपडा ड्रायक्लीनलाच द्यावा लागणार असे धरून चालतात. तसे नाही. वर्तुळ ही परवानगी आहे, सक्ती नाही. टबावर फुली असती तर गोष्ट वेगळी होती.

काय केले गेले

समोरून भरायच्या मशीनमध्ये कार्डिगन, दोन मोठे टॉवेल आणि एक जीन्स. प्रोग्रॅम ‘क्विक’, ३० मिनिटे, ३० अंश, शेवटी मिनिटाला १००० फेऱ्यांनी पिळणे. नेहमीची कपड्यांची पावडर, एक भरलेले माप. बाहेर काढल्यावर कपडा लहान दिसला म्हणून ओला असतानाच खाली ओढून दोरीवर चिमट्यांनी लटकवला. वाळल्यावर समोरची पट्टी लाटालाटांची झाली होती, ती बसवायला इस्त्री ‘वुल’वर ठेवून वाफेसह फिरवली.

प्रत्येक पायरीमागे विचार होता, हे मान्य करायला हवे. लेबल ३० म्हणते, मशीन ३० वर, एवढे पुरे. नाजूक कपडा, म्हणून कमी वेळाचा प्रोग्रॅम. लोकर आहे, म्हणून इस्त्री लोकरीच्या खुणेवर. तिन्ही अनुमाने सुचतात सहज, आणि तिन्ही चुकीची आहेत.

कपडा काय सांगतो

छातीची रुंदी, सपाट ठेवून, ५० सेंटिमीटरची ४४ झाली. लांबी ६२ ची ५४. बाही ६० ची ५३. म्हणजे रुंदीत १२ टक्के घट, लांबीत जवळपास १३. दोन्ही गुणले की क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. वजन मात्र जागच्या जागी, ३८० ग्रॅम. तेवढीच लोकर पाऊण जागेत कोंबली गेली. कपडा हाताला जाड, दाट, काहीसा पुठ्ठ्यासारखा लागतो तो म्हणूनच.

विणकामाचा कपडा दोन तऱ्हांनी आटतो, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण एक परत फिरते आणि दुसरी फिरत नाही. कारखान्यात विणताना आणि वाफवताना टाके ताणलेले राहतात. पहिल्या पाण्यात ते सैल पडतात आणि कपडा दोनतीन टक्के आखडतो. अशा वेळी टाके स्पष्ट दिसतात, कपडा ओढला की लांबतो, ओला करून मापावर पसरला की बऱ्यापैकी मूळ मापावर येतो. दुसरी तऱ्हा म्हणजे लोकरीचा नमदा बनणे. तिथे तंतू एकमेकांत अडकून बसलेले असतात.

या कार्डिगनची उजेडात केलेली पाहणी अशी. पाठीवर टाक्यांच्या उभ्या रांगा, ज्या दुसऱ्या कार्डिगनवर बोटाने मोजता येतात, त्या इथे मऊ केसाळ थराखाली बुजल्या आहेत. १० सेंटिमीटर रुंदीत तिथे २२ टाके आहेत, इथे २५. काखेत आणि कोपराच्या आत, जिथे कापड कापडावर घासते, तिथे टाके दिसतच नाहीत. सुईच्या टोकाने एक टाका वर उचलून पाहिला तर तो सुटा येत नाही. शेजारचे दोन टाके केसांनी त्याला धरून ठेवतात. दोन्ही हातांनी आडवे ताणले तर दुसरे कार्डिगन रबरासारखे रुंदावते आणि परत येते, हे थोडेच हलते आणि थांबते. शिवाय पृष्ठभागात टॉवेलची पांढरी लव रुतली आहे. ब्रशने ती निघत नाही, कारण ती वर चिकटलेली नाही, आत विणली गेली आहे. हा नमदाच आहे, शंकेला जागा नाही.

मग समोरची पट्टी. या कपड्यातली सगळ्यात बोलकी जागा हीच. आतली फीत उसवून सपाट केली आणि मोजली : ६२ सेंटिमीटर. तसूभरही आटलेली नाही. तिच्यावरची लोकर ५४ वर आली, फीत ६२ वर राहिली. जास्तीचे ८ सेंटिमीटर कुठेतरी जायलाच हवेत. आठ बटणांनी पट्टी जागोजाग धरलेली, मध्ये सात अंतरे. प्रत्येक अंतरात फितीचा एक सेंटिमीटरहून थोडा मोठा फुगा उठला आणि पट्टी झालरीसारखी दिसू लागली. तुलनेला दुसरे कार्डिगन नसते तरी मूळ लांबी या फितीने सांगितलीच असती. आटलेल्या कपड्याची तपासणी करताना न आटणारा भाग आधी शोधावा : फीत, चेन, गळ्यामागची पट्टी, शिवणीतला दोरा.

दोष कोणाचा किती

लोकरीचा तंतू भिंगाखाली पाहिला तर कौलारू छपरासारखा दिसतो. वरून एकमेकांवर चढलेले खवले, सगळ्यांची तोंडे टोकाकडे. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे हात फिरवला तर तो घसरतो, उलट फिरवला तर अडतो. ओल्या लोकरीला सतत हलवत राहिले की प्रत्येक तंतू मुळाच्या दिशेने थोडा थोडा सरकतो, पण मागे येऊ शकत नाही. खवले आडवे येतात. अशी हजारो एकतर्फी सरकणी झाली की तंतू गुंतून घट्ट होतात. यासाठी दोन गोष्टी लागतातच : ओल आणि हालचाल. उष्णता व अल्कधर्मी पाणी तंतू फुगवतात आणि मऊ करतात, त्यामुळे काम लवकर होते. पण ती दोन्ही नसली तरी काम होतेच. थंड पाण्यातही भरपूर घुसळले तर लोकर आटते.

म्हणून ३० च्या आकड्याने इथे काही वाचवले नाही. तो पाळला गेला होता, त्यात धुणाऱ्याची चूक शून्य. पाळल्या गेल्या नाहीत त्या खालच्या दोन रेघा.

क्विक प्रोग्रॅमविषयी एक गैरसमज घट्ट बसला आहे : थोडा वेळ म्हणजे हलके धुणे. प्रत्यक्षात क्विक हा थोड्या मळलेल्या, दणकट कपड्यांसाठी असतो. वेळ कमी असल्यामुळे ड्रम फारसा थांबत नाही, जवळजवळ सतत फिरतो. समोरून भरायच्या मशीनमध्ये पाणी आधीच कमी असते. कपडा वर उचलला जातो आणि खाली आपटतो. लोकरीच्या प्रोग्रॅममध्ये याच्या उलट व्यवस्था असते : पाणी जास्त, ड्रम बराच वेळ स्वस्थ, मधूनच पाळण्यासारखा हलकासा झोका. दोन्हींवर ३० च लिहिलेले असते. एकात कार्डिगन अर्धा तास चुबकले जाते, दुसऱ्यात ते पाण्यात डुलते.

त्यात सोबत टॉवेल आणि जीन्स. भिजलेली जीन्स जड आणि शिवणींना टणक, भिजलेला टॉवेल खरखरीत. कार्डिगन या दोघांच्या मध्ये सापडले. एकाच भरणीत वेगवेगळ्या लेबलांचे कपडे असतील तर सगळ्यांत नाजूक लेबल साऱ्या भरणीला लावायचे असते. टॉवेलचे लेबल ६० अंश आणि एकही रेघ नाही असे असले तरी त्याने लोकरीच्या प्रोग्रॅममध्ये बसावे, नाहीतर पुढच्या भरणीची वाट पाहावी. खरे तर लोकरीबरोबर टॉवेल घालूच नये. लव सोडायला त्याच्यासारखा दुसरा कपडा नाही.

पावडरीचा वाटा दुय्यम, पण आहे. नेहमीच्या पावडरीचे पाणी अल्कधर्मी असते, पीएच १० च्या आसपास. लोकरीच्या द्रवाचे साधारण उदासीन. अल्कधर्मी पाण्याने खवल्यांचे काम सोपे केले. बऱ्याच पावडरींत ऑक्सिजनवाले ब्लीचही मिसळलेले असते, म्हणजे वेगळे ब्लीच न घालताही फुली मारलेला त्रिकोण मोडला जातो. त्रिकोणाकडे पाहताना पावडरीच्या डब्यामागची यादीही पाहायची असते ती याचसाठी. यादीत प्रोटीज हे विकर (एन्झाइम) असेल तर तेही लोकरीच्या वाट्याचे नाही : प्रोटीज प्रथिने तोडते, अंड्याचा किंवा रक्ताचा डाग त्यामुळेच निघतो, आणि लोकर व रेशीम ही स्वतःच प्रथिने आहेत. मात्र एका धुण्यात विकराने कपडा आटत नाही. त्याचे नुकसान अनेक धुण्यांनंतर विरलेल्या जागांत दिसते. या प्रकरणात त्याला आरोपी करणे म्हणजे ज्याने त्यातल्या त्यात कमी केले त्याला धरणे.

पिळण्याच्या १००० फेऱ्यांनाही अनेक जण पहिला दोष देतील. फेऱ्या दुप्पट झाल्या की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, त्यामुळे ५०० च्या तुलनेत १००० हे खूपच झाले. पण पिळताना कपडा ड्रमच्या भिंतीला चिकटून बसलेला असतो, तंतू एकमेकांवर घासत नाहीत. त्याने चुण्या पडतात, ओली विण वेडीवाकडी दबते. नमदा बनतो तो त्याआधीच्या घुसळणीत.

पॉलिअमाइडचे २० टक्के वाचवतील अशी अपेक्षाही चुकीची. त्याच्या तंतूला खवले नसतात आणि ते धाग्याला झिजण्यापासून सांभाळते, पण उरलेले ८० टक्के एकमेकांत गुंतायला पुरेसे आहेत. मशीनमध्ये बिनधास्त धुता येणारी लोकरही मिळते. तिच्या खवल्यांच्या कडा क्लोरिनच्या प्रक्रियेने बोथट करून वर राळेचा पातळ थर दिलेला असतो. ही ती लोकर नव्हती, आणि लेबलनेही दोन रेघा देऊन जपूनच धुवायला सांगितले होते.

लटकवण्याने आणखी एक गोंधळ झाला. ओल्या लोकरी कपड्यात स्वतःच्या वजनाइतके पाणी सहज असते, चांगला निथळला नसेल तर त्याहूनही जास्त. एरवी अशा कपड्याची बाही गुडघ्यापर्यंत लांबते. इथे नमद्याने तेवढे लांबू दिले नाही, पण खालचा काठ प्रत्येक चिमट्याशी टोकदार ओढला गेला आणि मध्ये कमानी पडल्या. आडव्या रेघेच्या चौकोनाचा अर्थ एवढाच होता : वजन जमिनीला वाहू द्या, विणीला नको.

इस्त्रीतला एक ठिपका

या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच, आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटणाराही. निव्वळ लोकर दोन ठिपक्यांपर्यंत, म्हणजे १५० अंशांपर्यंत, ओल्या फडक्याखालून इस्त्री सहन करते. मग ८० टक्के लोकरीच्या कपड्याला एकच ठिपका का?

घटकांची पट्टी आणि निगेची पट्टी वेगवेगळे प्रश्न सोडवतात. घटकांची पट्टी मुख्य कापडाविषयी बोलते. फिती, बटणे, शिवणीचा दोरा बहुधा तिच्या हिशेबात नसतात, आणि कित्येकदा ‘सजावट वगळून’ असे तिथे लिहिलेलेही असते. निगेचे लेबल मात्र संपूर्ण शिवलेल्या कपड्यासाठी असते आणि त्यातल्या सर्वांत कच्च्या भागाला सोसेल तेवढीच परवानगी देते. इथे कच्चा भाग फीत. तिचे नाव घटकांत कुठेच नव्हते, तिची अडचण ठिपक्यात होती.

इस्त्री ‘वुल’वर ठेवणाऱ्याने घटकांची पट्टी वाचली, निगेची नाही. फुगलेल्या लाटांवर १५० अंश आणि वाफ फिरली. फीत वितळली नाही. पॉलिएस्टर वितळायला २५० अंशांच्या पुढे जावे लागते. पण साधारण ७० ते ८० अंशांच्या वर पॉलिएस्टरचे रेणू हलू लागतात, आणि दाबाखाली जो आकार मिळेल तो थंड होताना पक्का होतो. प्लीट घातलेले कपडे बनवताना हाच गुण वापरतात. इथे सातही फुगे चपटे होऊन सात कायमच्या चुण्या झाल्या. इस्त्री करण्यापूर्वी फीत उसवून परत वापरता आली असती. नंतर ती फेकण्यापुरतीच राहिली.

लेबल खोटे होते का

नव्हते. दुसरे कार्डिगन तीन धुण्यांनंतर ४९.५ बाय ६२ आहे. लेबल पाळले तर कपडा टिकतो याचा तो पुरावा. लेबले कधी कधी अतिसावध असतात हे खरे. साध्या पॉलिएस्टरच्या कपड्यावर ‘फक्त ड्रायक्लीन’ छापलेले दिसते तेव्हा उत्पादकाने स्वतःची बाजू सांभाळली असा संशय घ्यायला हरकत नाही. पण या लेबलवर तसे काही नव्हते. उलट मशीनची परवानगी दिली होती, फक्त कोणत्या हाताने ते रेघांत सांगितले होते. तक्रार टिकत नाही.

एक गोष्ट मात्र उत्पादकांना सुनावण्यासारखी आहे. आकडा ठसठशीत आणि रेघा केसाएवढ्या अशी छपाई असेल तर डोळा आकड्यावरच जाणार. शिवाय सॅटिनच्या पट्टीवरची शाई धुण्यागणिक पुसट होते, आणि सर्वांत आधी रेघाच जातात. कपडा नवा असतानाच लेबलचा फोटो काढून ठेवावा. पट्टी टोचते म्हणून कापणाऱ्यांनी तर नक्कीच.

दुसऱ्या कार्डिगनसाठी

तेच लेबल, कृतीत उतरवलेले. मशीनमध्ये धुवायचे तर बटणे लावून, कपडा उलटा करून, जाळीच्या पिशवीत. लोकरीचा प्रोग्रॅम, ३० अंश किंवा थंड, पिळणे ४०० ते ६०० फेऱ्या. सोबत काही घालायचेच असेल तर तशाच लेबलचे कपडे, आणि ड्रम अर्ध्याहून जास्त भरू नये. मशीनमध्ये लोकरीचा प्रोग्रॅम नसेल तर ‘नाजूक’ला तो पर्याय समजू नये. त्यापेक्षा हात बरा.

हाताने धुताना ८ ते १० लिटर पाणी आणि लोकरीसाठीचा द्रव. ३८० ग्रॅमच्या कपड्याला १० ते १५ मिलिलिटर पुरतो, बाटलीवर वेगळे लिहिले असेल तर ते धरावे. द्रव आधी पाण्यात विरघळवून मग कपडा. तापमानाचा अंदाज हाताने घेतला तर फसायला होते : हाताला छान कोमट लागणारे पाणी बहुधा ३८ ते ४० अंशांचे असते. ३० अंशांचे पाणी हाताला किंचित गारच वाटते. एकदा थर्मामीटरने पाहून ठेवले की अंगवळणी पडते.

पाच ते दहा मिनिटे भिजत ठेवून तळहाताने दाबावे आणि सोडावे, बस. कॉलर किंवा मनगटावर मळ असेल तरी कापड कापडावर घासू नये. तिथे द्रवाचा थेंब लावून बोटांनी दाबावे. उचलताना खांद्याला धरून उचलले की पाण्याचे सगळे ओझे विणीवर येते, म्हणून दोन्ही हात खाली घालून गोळाच्या गोळा उचलावा. दोन किंवा तीन पाण्यांत खळबळावे, म्हणजे पुन्हा दाबून सोडावे. प्रत्येक पाणी साधारण त्याच तापमानाचे. मग कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करावी आणि गुंडाळी दाबावी. पिळू नये.

वाळवताना सावलीत, जाळीवर किंवा दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर. इथे मोजपट्टी घेऊन बसावे : छाती ५०, लांबी ६२, बाही ६०. ओला कपडा हातांनी सरकवून या मापावर आणावा, बटणपट्टी सरळ रेषेत दाबावी, खालचा पट्टा आत जमवून घ्यावा. अर्ध्या दिवसाने उलटावा. असे वाळलेल्या कपड्याला इस्त्री लागतच नाही. लागलीच तर उलट्या बाजूने, फडक्याखाली, एका ठिपक्यावर आणि वाफ बंद करून. या तापमानाला बऱ्याच इस्त्र्यांची वाफ धड बनतही नाही, पाणीच टपकते.

आटलेल्याचे काय

नमदा परत सुटत नाही. केसांच्या कंडिशनरने लोकर पूर्ववत होते असे सांगितले जाते त्यात अर्धे तथ्य आहे. कंडिशनर तंतूंवर बसून घर्षण कमी करतो, त्यामुळे गुंतलेले पण अजून घट्ट न झालेले तंतू थोडे सरकतात. ८ लिटर ३० अंशांच्या पाण्यात १५ मिलिलिटर कंडिशनर, अर्धा तास भिजवणे, टॉवेलमध्ये दाबणे, मग चटईवर न गंजणाऱ्या टाचण्या लावून सर्व बाजूंनी एक-एक सेंटिमीटरने ताणत नेणे. फीत आधी उसवलेली असली पाहिजे आणि ताणताना झटका द्यायचा नाही. नमद्याला झटका दिला की तो लांबत नाही, शिवणीशी फाटतो. या कपड्यात ४४ ची रुंदी ४६ वर आली, ५४ ची लांबी ५६ वर. पूर्ण वाळल्यावर टाचण्या काढल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तेव्हाही माप तेच होते. पन्नाशी गाठण्याचा हट्ट धरला असता तर काखेत भोके पडली असती. चिमट्यांच्या कमानी मात्र याच ताणण्यात सरळ झाल्या.

नवी फीत ५६ अधिक दोन्ही टोकांना दुमडायला एक-एक, अशी ५८ सेंटिमीटर कापायची. बटणांच्या बाजूला काम सोपे : फीत लावायची, हातशिवणीने बारीक टाके घालायचे, बटणे परत बसवायची. काजांच्या बाजूला वेळ लागतो, कारण फितीलाही काजे हवीत आणि ती लोकरीतल्या काजांवर अचूक बसली पाहिजेत. लोकर आटताना काजांमधले अंतरही आटले आहे, जुन्या फितीवरून खुणा उतरवल्या तर सगळ्या चुकतात. आधी फीत टाचून घ्यावी, मग प्रत्येक काजातून खडूने खूण करावी, आणि शेवटी कापावी.

फीत पॉलिएस्टरचीच घेतली तर लेबलवरचा एक ठिपका पुढेही लागू राहतो. सुती घेतली तर तिला उष्णतेची भीती नाही, पण पहिल्या पाण्यात ती आटेल आणि पट्टी या वेळी उलट्या बाजूने आखडेल, म्हणून सुती फीत कापण्याआधी एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच ५८ मोजावे.